अँटेना लावून फुकट टीव्ही: निडीच्या छपरावर काय दिसलं आणि काय नाही?



गेल्या मे महिन्यात माझ्या मावसभावाने मला एक रील पाठवलं. त्यात एक जण तांब्याची तार वाकवतो, टीव्हीच्या मागे खोचतो आणि धडाधड एचडी चॅनल लागतात. खाली लिहिलेलं, 'रिचार्ज विसरा!' भाऊ कॉलेजला जातो, राहायला निडीला. पेण आणि रोह्याच्या मधलं निडी, रोहा लाईनवर नागोठणं सोडलं की लागणारं स्टेशन. त्याचा प्रश्न सरळ होता: "दादा, हे आपल्याकडे चालेल का?"

मी म्हटलं, करून बघू. आणि खरंच करून बघितलं. त्यातून जे कळलं ते आज सविस्तर सांगतो. आधीच सांगून ठेवतो, रीलमधली तार आमच्याकडे चालली नाही. पण शेवटी फुकट टीव्ही लागला. तो कसा आणि कुठल्या अँटेनाने, ते पुढे बघूच.

आधी हे का करायचं होतं?

भावाला क्रिकेट हवं होतं, पण आजीचं कारण वेगळं होतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा रायगडात काय झालं ते इथल्या प्रत्येक घराला आठवतंय. आमच्याकडे झाडं पडली, पत्रे उडाले, लाईट गेली आणि थोड्या वेळाने मोबाईलची रेंजही गेली. हातात चार-चार स्मार्टफोन, आणि वादळ कुठे पोचलंय, पाणी वाढणार की ओसरणार, हे सांगणारं कुणी नाही. पुढच्या वर्षी जुलै २०२१ च्या पुरातही तीच गत.

आजीचं म्हणणं एवढंच, "रेंज गेली तरी बातम्या लागल्या पाहिजेत. बाकी तुमचं काय ते बघा."

हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी त्याच्याकडे परत यायचंय.

हवेतून येणारा टीव्ही म्हणजे नक्की काय?

टीव्ही घरी पोचायचे मुख्य रस्ते चार:

१. जमिनीवरच्या मनोऱ्यावरून थेट तुमच्या अँटेनाला. याला टेरेस्ट्रियल म्हणतात.
२. उपग्रहावरून तुमच्या डिशला.
३. केबलवाल्याच्या वायरीतून.
४. इंटरनेटवरून.

रीलमधला माणूस पहिल्या रस्त्याबद्दल बोलत होता. आपल्या आईवडिलांच्या पिढीला हा रस्ता चांगला माहीत आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. तेव्हापासून कितीतरी वर्षं छपरावर ॲल्युमिनियमच्या दांड्यांचा अँटेना हीच पद्धत होती. एक जण कौलांवर, एक जण खिडकीत, एक जण टीव्हीसमोर. "आलं का?" "आलं आलं... गेलं!" कावळा बसला की पडद्यावर मुंग्या.

ते सगळं ॲनालॉग होतं. सिग्नल कमी झाला की चित्र हळूहळू खराब व्हायचं. मुंग्या दिसायच्या, माणसं दोन-दोन दिसायची, तरी मॅचचा स्कोअर कळायचा. डिजिटलचं तसं नाही. सिग्नल पुरेसा असेल तर चित्र एकदम स्वच्छ. त्याच्या जरा खाली गेला की चौकोन फुटायला लागतात, आणि अजून जरा खाली गेला की काळा पडदा, 'नो सिग्नल'. त्यामुळे 'थोडं थोडं दिसतंय, चालवून घेऊ' हा प्रकार इथे नाही.

मग रील खोटं होतं का?

नाही. ते बहुतेक अमेरिकेतलं होतं, आणि तिथे ते खरं आहे.

अमेरिकेत मोठमोठी खासगी चॅनलं स्वतःच्या मनोऱ्यांवरून फुकट प्रसारण करतात. १२ जून २००९ ला तिथल्या मोठ्या केंद्रांनी ॲनालॉग बंद करून पूर्ण डिजिटल केलं. जपानने बहुतेक भागात २४ जुलै २०११ ला केलं, ब्रिटनने ऑक्टोबर २०१२ मध्ये काम संपवलं. तिथे साध्या अँटेनावर डझनावारी चॅनल लागतात.

आपल्याकडे गणित वेगळं आहे. भारतात जमिनीवरच्या मनोऱ्यांवरून टीव्ही प्रसारण करायचा हक्क फक्त दूरदर्शनकडे, म्हणजे प्रसार भारतीकडे आहे. खासगी चॅनल आले तेच मुळी उपग्रहावरून आणि केबलवरून. म्हणजे जगातला सगळ्यात भारी अँटेना लावला तरी तुमची आवडती खासगी मालिका जमिनीवरच्या मनोऱ्यावरून येणारच नाही. ती तिथून कुणी पाठवतच नाही.

दूरदर्शनने डिजिटल टेरेस्ट्रियल सुरू केलं ते २५ फेब्रुवारी २०१६ पासून, १६ शहरांत. त्यात महाराष्ट्रातली दोन शहरं होती: मुंबई आणि औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर). तंत्रज्ञानाचं नाव डीव्हीबी-टी२. चॅनल मोजकेच: डीडी नॅशनल, डीडी न्यूज, डीडी भारती, डीडी स्पोर्ट्स आणि प्रादेशिक किंवा डीडी किसान. तेव्हा मोबाईलला लावायचा छोटा डोंगलही बाजारात होता, तो ओटीजीने फोनला जोडायचा की डेटा न वापरता टीव्ही.

दुसरीकडे गावोगावचे जुने ॲनालॉग ट्रान्समीटर बंद होत गेले. ३१ मार्च २०२२ पर्यंत सीमाभागासारख्या मोक्याच्या जागचे सुमारे ५० सोडून बाकीचे बंद करायचे, असं प्रसार भारतीने जाहीर केलं होतं. म्हणून आजोबांच्या काळचा अँटेना अजून छपरावर उभा असेल, तर त्यावर आता बहुतेक फक्त कपडे वाळत असतील.

निडीच्या छपरावर आमचा पहिला प्रयोग

तरी आम्ही करून बघितलंच. भावाच्या घरचा टीव्ही डीव्हीबी-टी२ वाला निघाला. तुमचा आहे का ते असं बघा: सेटिंगमध्ये चॅनल स्कॅनला जा. 'डिजिटल', 'डीटीव्ही' किंवा 'एअर' असा पर्याय असेल तर ट्यूनर असण्याची शक्यता आहे. पक्कं उत्तर मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या माहितीपत्रकात मिळेल. तिथे नुसतं 'डीव्हीबी-सी' लिहिलं असेल तर तो केबलसाठी, 'डीव्हीबी-एस२' असेल तर डिशसाठी. अँटेनासाठी 'टी२' हवं.

मग हिशेब केला. मुंबई दूरदर्शनचा मनोरा वरळीला, उंची सुमारे ३०० मीटर. निडीपासून सरळ रेषेत अंतर अंदाजे ६५ ते ७० किलोमीटर. टीव्हीच्या लहरी साधारण सरळ जातात, पृथ्वी मात्र गोल. त्यामुळे किती लांबचं 'दिसेल' याचं एक सोपं सूत्र आहे: दोन्ही उंचींचं (मीटरमध्ये) वर्गमूळ काढा, बेरीज करा, ४.१२ ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये येतं.

३०० चं वर्गमूळ सुमारे १७.३. आमचा अँटेना ९ मीटरवर, वर्गमूळ ३. बेरीज २०.३, गुणिले ४.१२, म्हणजे सुमारे ८४ किलोमीटर. भाऊ खूश! ७० हे ८४ पेक्षा कमीच की.

पण हे सूत्र सपाट समुद्रासाठी आहे. आमच्याकडे घरातून बाहेर पडलं की चारी बाजूंना डोंगर. डोंगर आडवा आला की त्यामागे लहरींची सावली पडते, आणि गणितातले ८४ किलोमीटर कागदावरच राहतात. आम्ही अँटेना मुंबईच्या दिशेला, वायव्येकडे रोखला, तीन वेळा स्कॅन केलं. चॅनल मिळाले: शून्य.

मुंबईत, ठाण्यात, नवी मुंबईत उंच इमारतीत राहत असाल तर तुम्ही प्रयोग जरूर करा. स्कॅनला पैसे पडत नाहीत, पाच मिनिटांत टीव्हीच उत्तर देतो. अँटेना यूएचएफचा घ्या. ५०० मेगाहर्ट्झला लहरीची लांबी ६० सेंटिमीटर असते, तिचा अर्धा म्हणजे ३० सेंटिमीटरचा दांडा पुरतो. जुन्या अँटेनाचे लांबलचक दांडे व्हीएचएफसाठी होते. पण डोंगराआडच्या गावात यावर पैसे घालू नका.

मग फुकट टीव्ही लागला कसा?

डिश हाही अँटेनाच आहे! फक्त त्याचा मनोरा डोंगराच्या मागे नसून थेट आकाशात, सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर आहे.

दूरदर्शनची डीडी फ्री डिश सेवा डिसेंबर २००४ मध्ये 'डीडी डायरेक्ट प्लस' नावाने सुरू झाली. महिन्याचा रिचार्ज नाही. डिश, बॉक्स आणि वायरीचा एकदाच खर्च. आम्हाला सगळं मिळून दोन हजारांच्या आत पडलं. सह्याद्री आहे, डीडी न्यूज आहे, आणि लिलावात जागा घेतलेले काही खासगी चॅनलही आहेत. हा लिलाव दरवर्षी होतो, त्यामुळे यादी बदलते. दर एप्रिलमध्ये एकदा बॉक्सवर नव्याने स्कॅन करा.

एक काळजी घ्या: बॉक्स एमपेग-४ चाच घ्या. जुना एमपेग-२ बॉक्स स्वस्तात मिळतो, पण त्यावर सगळे चॅनल लागत नाहीत.

डिश स्वतः कशी लावायची? (आमच्या चुकांसकट)

फ्री डिश येते जीसॅट-१५ या उपग्रहावरून. त्याची जागा ९३.५ अंश पूर्व. निडी, नागोठणं, रोहा या पट्ट्यातून तो दिसतो आग्नेयेला: उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने सुमारे १३० अंश, आणि क्षितिजापासून वर सुमारे ५८ अंश. हे दोन आकडे लिहून ठेवा.

१. जागा बघा. आग्नेयेला आकाश मोकळं हवं. सोपा नियम असा: डिशपासून झाड जितकं लांब आहे, त्याच्या दीडपटीपेक्षा ते जास्त उंच असेल तर आड येईल. १० मीटरवर १५ मीटरचा माड असेल तर जागा बदला.

२. खांब ओळंब्यात उभा करा. खांब तिरका तर पुढचे सगळे आकडे चुकीचे. गवंड्याकडचा ओळंबा नसेल तर दोऱ्याला दगड बांधा, काम होतं.

३. उंचीचा कोन लावा. डिशच्या मागच्या पट्टीवर अंश छापलेले असतात. तिथे ५८. नजरेने अंदाज घेऊ नका. या डिशची रचना अशी असते की ती बघते त्यापेक्षा कितीतरी सरळ उभी दिसते.

४. दिशा लावा. फोनमधलं कंपास ॲप उघडा, १३० अंश. इथे आम्ही आपटलो. मी फोन पत्र्याच्या छपरावर उभा राहून धरला आणि लोखंडाजवळ कंपास भरकटला. मग मी हुशारी केली, शेजारच्यांची डिश बघून तशीच फिरवली. ती निघाली दुसऱ्या कंपनीची, दुसऱ्या उपग्रहाकडे बघणारी! दोन तास गेले. शेवटी खाली अंगणात, लोखंडापासून लांब उभं राहून दिशा घेतली, त्या रेषेत लांबचं एक झाड हेरलं आणि छपरावरून डिश त्या झाडाकडे रोखली.

५. बॉक्सवर सिग्नलचं पान उघडा. तिथे दोन पट्ट्या दिसतात: स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. स्ट्रेंग्थ बघून नाचू नका. डिश भिंतीकडे असली तरी ती भरलेली दिसू शकते. खरी पट्टी क्वालिटीची.

६. अगदी हळू फिरवा. ६० सेंटिमीटरच्या डिशची नजर साधारण ३ अंश रुंद असते. झटक्यात फिरवली तर उपग्रह ओलांडून जाल. जरा हलवा, दोन-तीन सेकंद थांबा, बॉक्सला पकडू द्या. वर एक, टीव्हीपाशी एक, आणि दोघं व्हिडिओ कॉलवर. "आलं का?" पुन्हा आलंच!

७. एलएनबी फिरवा. डिशच्या समोर जो डबा असतो तो एलएनबी. क्वालिटी आली की तो डावी-उजवीकडे हळूहळू फिरवून जिथे सगळ्यात जास्त आकडा येतो तिथे स्क्रू घट्ट करा. ही पायरी लोक विसरतात आणि मग निम्मेच चॅनल लागतात.

८. पाण्याची सोय करा. कोकणात आहात. एलएनबीच्या जोडाला चांगली टेप गुंडाळा आणि वायर जोडापासून जरा खाली लोंबती ठेवून मग घरात घ्या, म्हणजे पाणी खाली टपकेल, जोडात शिरणार नाही.

वायरीला हात लावताना बॉक्सचं बटण बंद, प्लग काढलेला. ओल्या पत्र्यावर किंवा कडाडत असताना छपरावर चढायचं नाही. सह्याद्री एक दिवस उशिरा लागला तरी चालेल.

पावसात काय झालं?

जूनच्या पहिल्या जोरदार सरीला पडद्यावर चौकोन फुटले आणि चित्र गेलं. आजी म्हणाली, "अरे, पाऊस आला की हेच बंद. मग वादळात याचा काय उपयोग?"

प्रश्न अगदी बरोबर होता. डिशवर येणारी लहर फक्त अडीच-तीन सेंटिमीटर लांब असते. मोठ्या थेंबांचा पाऊस तिला शोषतो आणि विखुरतो. मनोऱ्यावरच्या यूएचएफ लहरी अर्ध्या मीटरच्या, त्यांना पाऊस जवळजवळ जाणवत नाही. म्हणजे आमच्या डोंगराआड जी पद्धत पोचत नाही तीच पावसात टिकणारी, आणि जी पोचते ती पावसात दमणारी.

यावर दोन उपाय केले. पहिला, ६० च्या जागी ९० सेंटिमीटरची डिश. क्षेत्रफळ सव्वादोन पट, म्हणजे सिग्नलही तेवढा जास्त, पण दिशा अजून काटेकोर लावावी लागते. दुसरा, क्वालिटी शक्य तितकी वर नेऊन ठेवली. 'चॅनल लागला, बस झालं' म्हणून थांबू नका. उन्हात जेवढी क्वालिटी शिल्लक, तेवढी पावसात कामाला येते. आता मोठी सर आली की चित्र काही मिनिटं जातं, आणि सर ओसरली की परत येतं. दिवसभर बंद राहत नाही.

लाईट गेली तर?

फ्री डिशला मोबाईलचा टॉवर लागत नाही, इंटरनेट लागत नाही. वीज मात्र लागते. लहान एलईडी टीव्ही आणि बॉक्स मिळून साधारण ४० वॉट धरा (तुमचा आकडा टीव्हीच्या मागे छापलेला असतो). घरात १५० एएच चा इन्व्हर्टर असेल आणि पंखे बंद ठेवून फक्त टीव्ही चालवला, तर दिवसभर सहज चालेल. दर तासाला दहा मिनिटं बातम्या बघितल्या तर कितीतरी दिवस.

आणि सोसाट्याच्या वाऱ्यात डिशच हलली तर? तेही होऊ शकतं. म्हणून घरात सेलवर चालणारा एक छोटा रेडिओ ठेवा. तुमच्या फोनमध्ये एफएम ॲप आहे का तेही आजच बघा. वायरचा इअरफोन लावा, कारण ती वायरच फोनचा अँटेना असते. एफएमला डेटा लागत नाही, सिमही लागत नाही. फोनमधलं एफएम बंद ठेवू नका, असं केंद्र सरकारने २०२३ मध्ये मोबाईल कंपन्यांना कळवलं होतं, ते आपत्तीतला उपयोग लक्षात घेऊनच. घराच्या कुठल्या कोपऱ्यात कुठलं स्टेशन लागतं ते आधीच लिहून ठेवा. वादळात शोधायला वेळ नसतो.

फोनवरच थेट टीव्ही कधी येणार?

याला डी२एम, म्हणजे 'डायरेक्ट टू मोबाईल' म्हणतात. मनोऱ्यावरून प्रसारण, फोनमध्ये खास चिप, डेटा शून्य. आयआयटी कानपूर आणि सांख्य लॅब्ज यावर काम करत आले आहेत. १९ शहरांत चाचण्या घ्यायच्या आणि ४७० ते ५८२ मेगाहर्ट्झचा पट्टा राखून ठेवायचा, असं जानेवारी २०२४ मध्ये सांगण्यात आलं. २०२५ मध्ये लाव्हा आणि एचएमडी या कंपन्यांचे असे फोनही जाहीर झाले.

याचा फायदा मोठा आहे. मोबाईल डेटावर एक लाख जणांनी मॅच बघितली तर एक लाख वेगळे प्रवाह लागतात. प्रसारणात एकच लहर, बघणारे कितीही असोत. पण मनोरा आणि डोंगर यांचं भांडण तिथेही आहेच. आणि आत्ता तुमच्या हातात असलेल्या फोनमध्ये ती चिप नसेल, तर कुठल्याही ॲपने ती येणार नाही. 'डी२एम चालू करा' म्हणणारी ॲप डाउनलोड करू नका.

थोडक्यात

- मोठ्या शहरात, मनोऱ्याकडे मोकळी नजर, टीव्हीत डीव्हीबी-टी२: स्कॅन करून बघा, लागलं तर दूरदर्शनचे मोजके चॅनल.
- गावात, डोंगराआड: थेट फ्री डिश.
- कोकणात: शक्य असेल तर मोठी डिश, जोडांना टेप, इन्व्हर्टर.
- सगळ्यांसाठी: सेलचा रेडिओ आणि वायरचा इअरफोन.

आता भाऊ क्रिकेट बघतो. डीडी स्पोर्ट्सवर जे लागेल तेच, त्यामुळे थोडी कुरकुर आहे. आजी संध्याकाळी सातला सह्याद्रीच्या बातम्या लावते. परवा रात्री जोराचा पाऊस झाला, मोबाईलची रेंज दोन तास नव्हती. मी मुंबईत काळजीत. सकाळी फोन लागला तेव्हा आजी म्हणाली, "आम्हाला सगळं कळलं होतं. तुलाच काही माहीत नव्हतं."

तुमच्या गावासाठी दिशेचे अंश वेगळे असतील. नकाशावर गावाचे अक्षांश-रेखांश बघा, कुठल्याही डिश पॉइंटर ॲपमध्ये ९३.५ पूर्व निवडा आणि पाऊस सुरू व्हायच्या आधी, उन्हाळ्यातच हे काम उरकून घ्या.